रिकाम्या टाकीची ओटी

सोलापूरहून परत आल्यावर वाईतील ज्या ज्या गृहस्थांनी मला किल्ला पाहिला का, तळे पाहिले का, असे विचारले, त्या सर्वांची मी निराशा केली आहे. चार दिवसांत मी पाहिली ती पत्र्याची एक शेड, तिच्यापुढचे आवार आणि आवाराला लागून असलेली विणकरांची एक गल्ली. पण तेवढ्या जागेत जे पाहिले ते लिहून ठेवण्याजोगे आहे. जुन्या गाड्या, मेणे, रथ यांसारखी वाहने कौतुकाने जपणाऱ्या मंडळींनी तर ते वाचावेच, असा माझा आग्रह आहे.

आधी जाण्याचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या घराला पूर्वी एकदा आग लागली होती. देवघरातले निरांजन कलंडले, एवढेच निमित्त. वडील शिरस्तेदार होते. त्यांची दप्तरे, त्यांची तसबीर, त्यांचे पागोटे, सारे एका प्रहरात गेले. गोठ्यात उभी होती म्हणून त्यांची दमणी तेवढी वाचली. दमणी म्हणजे दोन बैलांची, वर छत असलेली हलकी गाडी. तीत बसून ते कोर्टाच्या कामासाठी गावोगाव जात, आणि आठ वर्षांचा मी त्यांच्या मांडीला टेकून धुळीतले रस्ते पाहत असे. पुढे बैल गेले, गोठा गेला. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे त्या दमणीचे सरपण होणार हे मला दिसत होते. तेव्हा सोलापूरचे कापसाचे एक व्यापारी मल्लिनाथअप्पा हे जुन्या वाहनांचे संग्रहालय काढीत आहेत, असे वर्तमानपत्रात वाचून मी ती त्यांना रीतसर बक्षीसपत्र करून दिली. त्या बक्षीसपत्रात सात कलमे होती. सातवे असे की, आगीपासून संरक्षणाची पुरेशी तजवीज न दिसल्यास देणाऱ्याने वाहन परत न्यावे.

पुढील दोन वर्षे मी अप्पांना पत्रे लिहीत राहिलो. शेडमध्ये पेट्रोल आहे किंवा नाही? तेलकट चिंध्या कोठे ठेवता? पाणी किती अंतरावर आहे? प्रत्येक पत्राला उत्तर येई, आणि प्रत्येक उत्तरात एकच मजकूर असे: "आपले पत्र पावले. वाचून आनंद झाला. दसऱ्यास अवश्य यावे." आगीच्या धोक्याचे वर्णन वाचून आनंद होणारा मनुष्य माझ्या चाळीस वर्षांच्या वकिलीत मला भेटला नव्हता. सरकारी कचेऱ्यांनाही मी लिहिले. तिथून आनंदसुद्धा कळवण्यात आला नाही. शेवटी सन १९३५ च्या नवरात्रात, सातव्या कलमाखालची नोटीस पिशवीत घालून आणि दमणी मालगाडीने परत आणण्याची चौकशी करून, मी निघालो.

सप्तमी

सोलापुरात घड्याळाची गरज नाही. गिरण्यांचे भोंगे होतात आणि त्यासरशी अवघे शहर कूस बदलते. आमच्याकडे नदीच्या घाटावर जाऊन पोहरा बुडवला की पाणी. इथे मात्र अप्पांच्या घरी हात धुताना मला तांब्या अर्धाच भरून मिळाला, आणि हात धुतलेले पाणी तुळशीला गेले. जेवायला मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि घट्ट दही. ती भाकरी पापडासारखी मोडून दह्यात भिजवून खायची असते. मला हे कोणी सांगितले नाही. माझी एक दाढ त्या पहिल्याच घासाला हलली आणि अद्याप स्थिरावलेली नाही.

अप्पा साठीचे, गोरे, कपाळी विभूतीचे पट्टे, तोंडभर हसू. "बघा की वकीलसाहेब, आलात शेवटी!" असे म्हणत ते मला हाताला धरून शेडकडे घेऊन गेले. मी तक्रार घेऊन आलो आहे, हे माझ्या चेहऱ्यावरून कोणालाही कळले असते. अप्पांना कळले नाही, किंवा कळून त्यांनी ते मनावर घेतले नाही.

शेड मात्र, खोटे का बोलू, मनात भरली. एका इनामदाराचा मेणा, काळ्या रंगाची फेटन घोडागाडी, माणसाच्या छातीएवढ्या चाकाची सायकल, हातपंपाचा लाल आगबंब, पितळी दिव्यांच्या तीन जुन्या विलायती मोटारी. सारे इतके लखलखीत की भिंतीवरच्या पालीला त्यात तोंड दिसावे. मोटारींच्या शेजारी माझी दमणी उभी होती. तिच्या दांड्यांना तेल होते, छताची झालर नवी होती. वडिलांच्या हयातीतही ती इतकी देखणी नव्हती. मी जूवर हात ठेवला आणि काही क्षण नोटीस विसरलो.

एवढ्यात पेट्रोलचा वास आला.

या वाहनांची निगा राखणारा बिरू हा माळशिरसकडचा धनगर. वय पन्नाशीचे, खांद्यावर घोंगडी, गालात तंबाखू. अप्पांच्या टांग्यावर तो पंचवीस वर्षे होता. मी त्याला विचारले, "या मोटारी चालतात?"

"कुटं चालत्यात साहेब! दोघींची इंजिनं मेली. तिसरी ढकलली की नुसती खोकती."

"मग टाकीत पेट्रोल का?"

"परवा खंडेनवमी न्हाय का? पुजायची हायती." त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मीच अडाणी. "रिकाम्या पोटी कुनाला पुजत्यात व्हय? वरसातनं येकदा भरतो मी, तिघींच्याबी टाक्या. मग म्होरं आपसूक उडून जातं."

"आणि निरांजन कुठे ठेवता?"

"हितं की. पायरीवर." त्याने जागा दाखवली. टाकीपासून ती हातभरसुद्धा नव्हती.

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पेट्रोलियमच्या कायद्याचा उल्लेख त्यात होता, आणि दंडविधानातील निष्काळजीपणाच्या कलमाचाही. बिरू शांतपणे तंबाखू चघळत राहिला. अप्पा म्हणाले, "दोन वर्षं झाली की साहेब. झालं का काही? देव हाय."

"अप्पा, बक्षीसपत्रावर देवाची सही नाही. आपली आहे."

आवारात आलो तर दुसरा प्रकार. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी, आणि तिच्यावर जवसाच्या तेलाने माखलेल्या पंचवीसतीस चिंध्या. लाकडी वाहने या तेलाने पुसतात. मी हुकूम सोडला की या सर्व ताबडतोब गोळा करून झाकणाच्या डालग्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, बंद कराव्यात.

"वाळू द्या की साहेब," बिरू म्हणाला. "आमचा उस्ताद अशाच टांगायचा."

"का टांगायचा?"

"त्ये काय त्येनं सांगितलं न्हाय. टांगायचा, येवढंच."

ज्याचे कारण सांगता येत नाही तो नियम मी मानीत नाही. चिंध्या माझ्या देखत दाबून दाबून डालग्यात भरल्या. गिरणीच्या धुराड्यातून ठिणगी उडून येईल म्हणून डालगे बाहेर ठेवू दिले नाही. शेडच्या कोपऱ्यात, दमणीच्या चाकाशी, मी ते स्वतः नेऊन ठेवले. रात्री वहीत टिपले: "चिंध्यांचा बंदोबस्त झाला."

अष्टमी

सकाळी मी अप्पांपुढे नोटीस ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मी प्रथमच गेलेले पाहिले.

"न्या," ते म्हणाले. "कागद कागद हाय. पण या बघा माझ्यासंगं."

त्यांनी मला शेडच्या अगदी आतल्या भिंतीशी नेले. तिथे मोडक्या आऱ्यांचा एक खटारा होता. त्याला झालर नव्हती, पितळ नव्हते. "आमचे वडील यावर कापूस वाहायचे. दुसऱ्याचा कापूस. मी गाठोड्यांवर झोपायचो." अप्पांनी खटाऱ्याच्या लाकडावरून अंगठा फिरवला. "तुमची दमणी तुम्ही वाईला न्याल. वाचली. याला सातवं कलम न्हाय, साहेब. हे मी कुठं नेऊ?"

अप्पा सावकाश घराकडे गेले, आणि मी मोजमापे घेण्याच्या निमित्ताने शेडमध्येच रेंगाळत राहिलो. मोटारीपासून दमणीचे अंतर चार हात. दमणीपासून मेण्याचे दोन. एक पेटले की सारे. हे मी दोन वर्षे लिहीत होतो. पण माझे एक वाहन काढून नेल्याने उरलेल्यांचे चार हात काही वाढत नव्हते, हे मात्र मी एकाही पत्रात लिहिलेले नव्हते.

दुपारचा भोंगा झाला. पत्रा तापून तडतडत होता. मला धुराचा वास आला आणि मी ओरडलो, "बिरू! विडी टाक आधी!"

तो फेटनच्या खालून बाहेर आला. "विडी? साहेब, मी तंबाखू खातो की. ह्ये बगा." त्याने गाल दाखवला. मग त्यानेही नाक वर केले. आम्ही दोघांनी एकदमच कोपऱ्याकडे पाहिले. दमणीच्या चाकाशी, मी ठेवलेल्या डालग्याच्या विणीतून, पांढरा धूर बारीक धारेने वर चढत होता.

काडी नाही, विडी नाही, दिवा नाही. मी पुढे होऊन झाकण उचलले. ते उचलायचे नसते, हे मला आता माहीत आहे. आत वारा शिरला आणि भप्पकन जाळ वर आला. चार हातांवर भरलेली टाकी होती. कायद्याचे एकही कलम मला त्या वेळी आठवले नाही. वडिलांचे जळणारे पागोटे तेवढे दिसले.

"सरका!" बिरूने मला बाजूला लोटले. खांद्यावरची घोंगडी त्याने डालग्यावर टाकली, सगळे एकत्र कवटाळले आणि तो धावत सुटला. लोकर चटकन पेट घेत नाही, हे मेंढरांत वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी मागोमाग धावलो. पाणी कोठे आहे, हा माझ्या पत्रांतला तिसरा प्रश्न. आवारातला हौद कोरडा होता.

पलीकडच्या गल्लीत विणकरांची पाजणी चालली होती. सुताचा लांबच लांब ताणा भर रस्त्यात ताणून त्याला कुंच्याने खळ लावतात, तिला पाजणी म्हणतात. आमच्याकडे रस्ता चालण्यासाठी असतो. सोलापूरच्या या भागात तो सुताचा असतो आणि माणसे कडेने जातात. नरसव्वा नावाची, केस पिकू लागलेली तेलुगू बाई तिथे ज्वारीच्या पिठाच्या खळीचे मोठे घंगाळ घेऊन बसली होती. धुराचा गोळा आपल्या ताण्याच्या रोखाने येताना पाहून ती किंचाळली, "अय्यो! सूत जाईल! इकडं, इकडं टाक!" आणि तिने घंगाळ पायाने पुढे लोटले.

बिरूने घोंगडीसकट सगळे खळीत बुडवले. मोठा फुसकारा झाला, आणि जळक्या पेजेचा वास गल्लीभर पसरला. दोन्ही हात खळीत खुपसून बिरू खाली बसला. त्याची मनगटे भाजली होती.

नरसव्वाने आत डोकावून पाहिले. "दोन ताण्यांची खळ होती," ती म्हणाली. "कोणी पेटवलं हे?"

बिरूला माझे नाव घेता आले असते. गल्लीत दहाबारा माणसे जमली होती, आणि तो आपल्या हातांकडे पाहत बसला होता.

"मी," मी म्हणालो. "चिंध्या दोरीवर होत्या. मी डालग्यात भरवल्या."

"मग ताता," ती म्हणाली (ताता म्हणजे तिच्या भाषेत आजोबा), "नवी खळ तुम्हीच ढवळा. गुठळी झाली तर सूत तुटतं."

अशा रीतीने, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मी सोलापूरच्या एका गल्लीत चुलीपाशी बसून खळ ढवळली. बसण्यापूर्वी शेडपासून त्या चुलीचे अंतर पावलांनी मोजून घेतले. ते समाधानकारक होते. नरसव्वाने बिरूच्या मनगटांना तूप चोळले. अप्पा अनवाणी धावत आले. त्यांच्यामागून त्यांच्या परिचयाचे, गिरणीतील एक इंजिनिअरही आले. त्यांनी उलगडा केला: जवसाचे तेल वाळताना स्वतःच तापते. चिंधी टांगलेली असली की ऊब वाऱ्यावर जाते, दाबून ठेवली की आतल्या आत साठते आणि शेवटी पेट घेते. बिरूच्या उस्तादाने कारण सांगितले नव्हते. नियम मात्र बरोबर होता. मी तो मोडला होता, आणि तोही सुरक्षिततेच्या नावाखाली.

"बिरू, माझे चुकले," मी म्हणालो.

"असू द्या की साहेब. तुमाला तरी कुटं ठावं व्हतं!"

"आता टाक्यांचे तेवढे ऐक."

"त्ये न्हाय." भाजलेल्या हातांनिशी तो तसाच अडून बसला. "रिकामी गाडी मी पुजनार न्हाय. पाप लागतं."

अप्पांनी कपाळाला हात लावला. माझा आवाज पुन्हा चढणार होता, पण नरसव्वा कुंचा झटकत म्हणाली, "ओटी भर ना मग."

"कुनाची?"

"गाडीची! रिकामी पुजायची नाही ना? बसायच्या जागेवर खण घाल, नारळ ठेव, पसाभर ज्वारी घाल. ओटी भरली की ती रिकामी कशी? आणि रॉकेल पिणाऱ्या देवीची पूजा कुठं ऐकलीस रे?"

"रॉकेल न्हाय त्ये," बिरू पुटपुटला. मग त्याने मान डोलावली. "ओटी चालंल," तो म्हणाला. "पर येक तरी टाकी भरलेली पायजे. माजं मन न्हाय मानत."

तेव्हा मला लाल बंब आठवला. त्या साऱ्या संग्रहात टाकी असलेले चौथे वाहन तेच होते, आणि ती टाकी कोरडी ठणठणीत होती. टाकीला गंज लागेल म्हणून अप्पांनीच त्यात पाणी घालू दिले नव्हते.

"अप्पा," मी विचारले, "हा बंब कशासाठी बांधला असेल?"

अप्पा खो खो हसले. ते हसू परत आलेले पाहून मला बरे वाटले, हे मी कबूल करतो.

नवमी

अष्टमीलाच ऊन असेतो तिन्ही टाक्या आवाराच्या टोकाला, उघड्यावर, नळी लावून रिकाम्या केल्या. ते पेट्रोल अप्पांच्या कापूस वाहणाऱ्या लॉरीच्या टाकीत गेले. बंबाच्या पंपातली कातडी चकती सुकून आकसली होती. त्या रात्री बिरूने ओळखीच्या चांभाराकडून नवी बसवून आणली, आणि सकाळी बैलगाडीने आणलेल्या पाण्याने हौद आणि बंब दोन्ही भरले. ज्या शहरात मला अर्धा तांब्या मिळाला, तिथे ते पाणी कोणाच्या कपाळावर आठी न येता आले, याची मी नोंद करून ठेवतो.

वाहने ढकलून एकेक करून बाहेर आवारात आणली. निरांजने ओळीने जमिनीवर ठेवली, वाहनांपासून दहा हातांवर. हे अंतर मी स्वतः मोजले. नरसव्वाने प्रत्येक आसनावर खण, नारळ आणि पसाभर ज्वारी घालून ओटी भरली. आमच्याकडे दसऱ्याला गाडीच्या चाकाला हळदकुंकू लावतात आणि झेंडूची माळ घालतात. गाडीची ओटी भरलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. दमणीपाशी येताच ती थांबली. "ताता, ही कोणाची?"

"माझ्या वडिलांची."

तिने ज्वारी ओंजळभर जास्त घातली.

अप्पांच्या वडिलांचा मोडका खटाराही तीन आऱ्यांवर लंगडत बाहेर आला होता. त्याची ओटी भरताना अप्पा तोंड फिरवून उभे राहिले. सर्वांत शेवटी बंबाची पूजा झाली. बिरूने भरलेल्या टाकीला हात जोडले, त्याचे मन मानले, आणि दोन माणसांनी दांडा दाबताच पाण्याची धार उडाली ती थेट अप्पांच्या डोक्यावरच्या रुमालावर. "अय्यय्य!" अप्पा ओरडले, आणि सारे आवार हसले. धार शेडच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोचते, हेही त्याच वेळी सिद्ध झाले.

दशमी

निघण्यापूर्वी मी शेडसाठी नियम लिहून दिले. हाताशी दुसरा चांगला कागद नव्हता, म्हणून नोटिशीच्या कोऱ्या पाठीवर लिहिले. टाक्या कोरड्या ठेवाव्यात. दिवा आत नेऊ नये. हौद आणि बंब भरलेले असावेत. चिंध्या दोरीवर एकेक सुट्या टांगाव्यात, कधीही गोळा करू नयेत. आणि या शेवटच्या नियमाखाली कारणही लिहिले, कारण ज्याचे कारण सांगितलेले नाही तो नियम माझ्यासारखा एखादा शहाणा येऊन मोडतो. अप्पांनी तो कागद काचेत बसवून दाराशी लावला. त्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, माझी नोटीस आहे. मालगाडीचे मी पुन्हा विचारले नाही. दमणी तिथेच आहे.

परत आल्यावर मी अप्पांना लिहिले: हौद भरलेला आहे का? या खेपेस उत्तर अप्पांकडून आले नाही. पोस्टापाशी बसणाऱ्या लेखनिकाकडून लिहवून घेतलेले बिरूचे कार्ड आले. मजकूर येणेप्रमाणे:

"साहेबांस दंडवत. हात बरे हायत. हौद भरलाय. चिंध्या दोरीवर हायत. नियम वाचून घेऊन शेड सगळी धुंडाळली. आढ्याला एक मोठा गठ्ठा टांगलेला गावला. कागदच कागद, वाळून कडकडीत. ती आपलीच पत्रं निघाली. जपून ठिवली व्हती अप्पांनी. ती पत्र्याच्या पेटीत घालून नरसव्वाच्या घरी नेऊन ठिवली. आता शेडमंदी पेटण्याजोगं काय बी ऱ्हायलं न्हाय."